माशाच्या शेपटीवरची गाठ

“थांब जयू! खाऊ नकोस!”

शकुन इतक्या जोरात ओरडली, की जयप्रकाशच्या हातातली नारळाची वडी ओठांपाशीच थांबली. समोर बसलेल्या क्षीरोदा ठाकुमा दचकल्या.

“ओ मा! मुंग्या लागल्यात का गं?” त्यांनी बंगालीत विचारलं.

“छे, छे! वडी इतकी सुंदर आहे ना, म्हणून आधी नीट बघायची होती,” शकुनने कसंबसं सांगितलं आणि भावाच्या हातातून वडी काढून घेतली.

“झाली हिची ताईगिरी सुरू!” जयू कुरकुरला.

दुर्गाविसर्जन होऊन गेलं होतं. कलकत्त्यात त्यानंतर ‘विजया’ चालते. लहानांनी घरोघरी जाऊन मोठ्यांच्या पाया पडायचं आणि मोठ्यांनी त्यांचं तोंड गोड करायचं. शकुन आणि जयूच्या बाबांची बँकेतून इथे बदली झाली होती, आणि बेहालातल्या त्यांच्या गल्लीत सर्वांत वडीलधाऱ्या होत्या त्या या ठाकुमा. ठाकुमा म्हणजे आजी. मुलांबरोबर त्यांची मैत्रीण वृंदाही आली होती. तिच्या घरच्यांना कलकत्त्यात इतकी वर्षं झाली होती, की तिचं बंगाली धो धो वाहायचं आणि मराठी मात्र पदोपदी ठेचकाळायचं.

वृंदाने वडीवर वाकून पाहिलं. “शकुन! ही मासा तर आपल्या ओळखीची आहे!”

“हा मासा, ओळखीचा,” जयूने दुरुस्त केलं.

“तेच ते!”

वडीवर गुबगुबीत मासा उमटला होता. खवला न् खवला स्पष्ट. आणि शेपटीच्या टोकाशी, कारण नसताना, एक छोटीशी गाठ होती.

असा मासा त्यांनी बागबाजारला पाहिला होता. वृंदाची आई, सरलाकाकू, तिथल्या ‘कारुपल्ली समिती’ची पत्रं टाइप करायची. शिवतोषबाबू आणि मीनाक्षीमाशी या दोघांनी ती समिती उभी केली होती. माशी म्हणजे मावशी. कधी बैलगाडीने, कधी नावेने खेडोपाडी हिंडून त्यांनी बंगालमधल्या जुन्या गोधड्या, मातीची खेळणी, लाकडी बाहुल्या जमवल्या होत्या. त्यातच मिठाईवर नक्षी उठवायचे मातीचे साचे होते. सुट्टी लागली तेव्हा मीनाक्षीमाशींनी माशाचा साचा शकुनच्या हातावर ठेवला होता. शेपटीपाशी टवका उडालेला!

“साच्यात जिथे टवका गेला, तिथे खड्डा पडला. आणि खड्ड्यात नारळ भरला, की वडीवर गाठ येणारच!” जयूचे डोळे चमकले.

पण तो साचा तर आता नाहीसा झाला होता! दिल्लीच्या प्रदर्शनाला पाठवायचे सगळे साचे ऐन वेळी हरवले होते, आणि अध्यक्ष शिवतोषबाबूंनी सरळ रखवालदार हरिपदकाकांवर आळ घेतला होता. “किल्ली तुझ्याकडे, म्हणजे जबाबदारी तुझी! साचे मिळेपर्यंत इथे पाऊल टाकू नकोस.” सरलाकाकूने ते घरी सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“ठाकुमा, या वड्या कशात पाडल्या?” वृंदाने हळूच विचारलं.

ठाकुमांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी फडताळातून मिठाईचं एक खोकं काढलं. आत जुन्या धोतराच्या चिंध्यांत साचे नीट गुंडाळलेले होते. मासा, शंख, कोयरी.

“माझ्या आईचे असेच होते गं. फाळणीत बारीसाल सोडलं, तेव्हा चुलीशेजारी राहून गेले. इतक्या वर्षांनी पुन्हा हातात आले! भाच्याने दिले. वर राहतो ना, तो.”

मुलांनी वर जाऊन विचारलं, तेव्हा भाचेबुवा पेपर वाचत बसले होते. ते हसायलाच लागले. “मी कुठला देतोय! विजयेला बागबाजारला शिवतोषबाबूंच्या पाया पडायला गेलो होतो. टेबलावर मिठाईच्या खोक्यांची ही रास! त्यातलं एक त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. मला मधुमेह. शिवतोषबाबूंनी दिलंय म्हणून मी न उघडताच मावशीला देऊन टाकलं. जड होतं खरं!”

तिघं जिन्यात येऊन बसली.

“म्हणजे चोर खुद्द अध्यक्ष!” जयू म्हणाला.

“चोर नाही रे, वेंधळे,” शकुन म्हणाली. “पण हरिपदकाकांना तर ते चोरच म्हणाले ना!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघांनी ट्राम गाठली आणि ती बागबाजारला गेली. पण समितीच्या खोलीत भांडण पेटलं होतं.

“साचे मिठाईच्या खोक्यात कुणी भरले? तुम्ही!” शिवतोषबाबू गरजले.

“चिंध्यांत गुंडाळून, घट्ट सुतळी बांधून भरले होते मी! ते टेबलावरून हलले कसे, हे तुम्ही सांगा!” मीनाक्षीमाशींचा चष्मा रागाने नाकावर घसरला होता.

“शिवतोषबाबू, आम्हाला ठाऊक आहे...” शकुनने सुरुवात केली.

“मुलांनो, बाहेर खेळा! इथे पोलिसांत जायची वेळ आली आहे. ज्याच्या घरात ते साचे सापडतील, त्याला मी सोडणार नाही!”

शकुनने तोंड मिटलं आणि दोघांना ओढतच बाहेर आणलं.

“अगं, सांगितलं का नाहीस?” जयू वैतागला.

“ते सापडणार कुणाच्या घरात? ठाकुमांच्या! हे असे तावातावाने पोलीस घेऊन तिथे गेले तर? एक माणूस उगाच चोर ठरला आहे, आणखी कुणी कशाला?”

समितीमागच्या बोळात हरिपदकाकांची खोली होती. काका पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होते. “गावी जातो,” एवढंच ते म्हणाले. मुलांना बसायला त्यांनी चटई अंथरली आणि पुन्हा घड्या घालू लागले. शकुनला त्यांच्याकडे बघवेना.

“काका, आजचा दिवस थांबा. फक्त आजचा!” ती म्हणाली.

बोळाच्या तोंडाशी बेत ठरला. एकही शब्द खोटा बोलायचा नाही, अशी शकुनची अट होती. वृंदाने मीनाक्षीमाशींना एकटं गाठलं. “माशी, बेहालात एक ठाकुमा आहेत. जुन्या साच्यांत नारळाच्या वड्या पाडतात. बारीसालची पद्धत! तुम्ही बघायलाच हवी.” तेच वाक्य जयूने फाटकाशी शिवतोषबाबूंना ऐकवलं. बारीसालचं नाव कानांवर पडताच दोघांचाही राग घटकाभर मागे पडला. जुनी कला म्हटली, की दोघंही तहानभूक विसरत!

दुपारी शिवतोषबाबू ठाकुमांच्या दारात उभे राहिले, तर आत मुलांबरोबर मीनाक्षीमाशी आधीच बसलेल्या!

“तुम्ही इथे?”

“आणि तुम्ही?”

ठाकुमांनी दोघांसमोर बशा ठेवल्या. मीनाक्षीमाशींनी वडी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि शेपटी निरखली. मग त्यांनी ती शिवतोषबाबूंपुढे केली. शेपटीवरची गाठ बघताच बाबूंच्या कपाळाची शीर फुगली.

“हा साचा इथे कसा आला?”

ठाकुमांना पाहुण्यांचं नावच कळायचं बाकी होतं. वृंदाने “हेच शिवतोषबाबू” म्हणताच त्या लगबगीने उठल्या. “तुम्हीच का ते? बाबा रे, किती आशीर्वाद देऊ तुला! माझ्या भाच्याच्या हाती तू साचे पाठवलेस आणि मला माझी आई परत भेटली. माझे साचे तिकडे राहिले, हे तुला कळलं तरी कसं?”

विजयेचं टेबल, खोक्यांची रास, पाया पडणारा एक गृहस्थ, सगळं शिवतोषबाबूंना आठवलं असावं. कारण ते मटकन खाली बसले.

“मीच दिले,” ते पुटपुटले. “माझ्या या हातांनी. आणि हरिपदला मी...”

मीनाक्षीमाशींना बोलायची आयती संधी होती. पण त्या म्हणाल्या, “खोक्यावर नाव मीही घातलं नव्हतं. आणि तुम्ही हरिपदला बोललात, तेव्हा मी गप्प बसले. दोष दोघांचा आहे.”

काय घडलं ते हळूहळू ठाकुमांच्या ध्यानात आलं. त्या साचे पदराने पुसून एकेक करून खोक्यात ठेवू लागल्या. कोयरीचा साचा ठेवताना त्यांचा हात जरासा रेंगाळला.

“यांच्यासारखेच दुसरे नाही का करता येणार?” जयू एकदम म्हणाला. “साच्यात ओली माती दाबायची!”

“वेड्या, मग मासा मिळेल. साचा नाही!” शकुन म्हणाली.

“मग त्या माशावर पुन्हा माती दाबायची! उलट्याचं उलट!”

शिवतोषबाबूंनी मान वर केली. बागबाजारच्या जवळच कुमारटोली, मूर्तिकारांची वस्ती. “भट्टीत मासा थोडा आकसेल,” ते म्हणाले, “पण मासाच राहील. ठाकुमा, तुमचे साचे आधी होतील. दिल्ली थांबेल.”

तिथून शिवतोषबाबू सगळ्यांना घेऊन थेट हरिपदकाकांच्या खोलीवर गेले. मुलं दाराशीच थांबली. इतका मोठा माणूस हात जोडून उभा राहिलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“हरिपद, चूक माझी होती. सगळ्यांसमोर तुला बोललो, तशी सगळ्यांसमोर माफीही मागेन. उद्यापासून ये.”

हरिपदकाकांनी ट्रंकेचं झाकण लावलं. “येईन बाबू,” ते म्हणाले. “पण उद्या नाही. आधी गावी जाऊन येतो. लक्ष्मीपूजा झाली, की येईन. मन जरा जाग्यावर येऊ दे.”

शिवतोषबाबूंनी मान हलवली. रागावले नाहीत. काकांची ट्रंक त्यांनी स्वतः उचलली, आणि काका “राहू द्या, राहू द्या” म्हणत असताना रिक्षापर्यंत नेऊन ठेवली.

रिक्षा वळणाआड गेली. मीनाक्षीमाशींनी तिन्ही मुलांना जवळ घेतलं.

“शाबास! अरे, साचे काय, कधी ना कधी आम्हालाही सापडले असते. पण ते शोधताना तुम्ही त्या म्हातारीला चोर ठरू दिलं नाहीत. आम्हाला ते सुचलं नसतं.” मग त्या शिवतोषबाबूंकडे वळल्या. “ऐकलंत का? हरिपद येईपर्यंत सकाळी दार कोण उघडणार?”

“मी,” शिवतोषबाबू म्हणाले. “आणि झाडूही मीच मारणार.”

“मग आम्ही धूळ पुसायला येणार!” वृंदा ओरडली. “सुट्टी अजून खूप उरला आहे!”

“उरली आहे,” जयू म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर शिवतोषबाबूही खळखळून हसले.