मरू दे त्याला

चंद्रावरच्या वसाहतीत खटल्यांचा निकाल मनोलेखावर लागे. मनोलेख म्हणजे माणसाच्या मनातल्या विचारांची यंत्राने रोमन लिपीत केलेली नोंद. ठाम विचार कॅपिटल अक्षरांत उमटे, नुसता डोक्यात येऊन गेलेला लहान अक्षरांत.

नलिनी खांबेटेचा भाऊ हेरंब बाहेरच्या बोगद्यात गुदमरून मेला, कारण झडपेवर नेमलेल्या टिपणिसाने ती चाळीस सेकंद उशिरा उघडली. घाबरून हात चालले नाहीत, असं तो सांगे. नलिनीला त्याच्या घाबरण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला खाणीत सडवायचं, एवढ्यासाठीच ती जगत होती. वसाहतीत शोधतंत्राची जाणकार ती एकटीच, त्यामुळे मनोलेखातले शब्द कोणत्या पद्धतीने शोधायचे हेही तिलाच विचारलं गेलं.

"पद्धती दोन आहेत, बाई," ती पंच जमदाडेबाईंना म्हणाली. "पहिलीत एकेक अक्षर लहान-मोठं न बघता ताडायचं. मूळ लेख शाबूत राहतो, पण एकोणीस मिनिटं लागतात. दुसरीत सगळा लेख आधीच लहान अक्षरांत सपाट करायचा. मग शोध अकरा सेकंदांत."

"आणि सपाट करायला?"

"किरकोळ वेळ."

लागला होता दीड तास. नलिनीने घड्याळ त्यानंतर सुरू केलं होतं. सपाट लेखात ठाम विचार आणि उडता विचार वेगळे ओळखता येत नाहीत, हेही तिने बेमालूम गिळलं.

बाईंनी अकरा सेकंदांना मान्यता दिली. टिपणिसाच्या लेखात 'मरू दे त्याला' एकदा सापडलं. मूळ लेखात ते लहान अक्षरांत होतं. नलिनीने ते आधीच पाहून ठेवलं होतं. बाईंनी मात्र तो ठाम विचार धरला. टिपणिसाला खाणीत जन्मठेप झाली, तो ढसाढसा रडला आणि नलिनीचा जीव थंड झाला.

तीन आठवड्यांनी खाणीत दोर तुटून टिपणीस मेला. नियमाप्रमाणे त्याच्याशी वैर असणाऱ्यांचे मनोलेख मागवले गेले. नलिनीने दोराला हातही लावला नव्हता.

"बाई, माझा लेख पहिल्या पद्धतीने तपासा," ती म्हणाली. "रागात माणसाच्या मनात काहीही येतं. दुसरी पद्धत त्यातला फरक पुसून टाकते."

"हे तेव्हा नाही सांगितलंस."

बाईंनी पहिलीच पद्धत लावली. एकोणीस मिनिटांनी 'मरू दे त्याला' सहाशे बारा वेळा सापडलं. बाईंनी मूळ लेख तिच्यापुढे सरकवला. सहाशे बाराही ठिकाणी सगळी अक्षरं कॅपिटल होती.