आठ दयची मोजणी

टण्ण!

दुपारच्या सामसूम घरात कोनाड्यातलं फुलपात्र खाली आदळलं. मांजर पळालं आणि फुलपात्राखालचा सरकारी कागद तरंगत वत्सलाच्या पायाशी आला. सगळा उर्दूत! तिला काय कळणार? शाळेत जायचा तो तिचा भाऊ सिदू.

सिदूनं अक्षरं लावत वाचलं. "शाळा-तपासनीस येणार. सुट्टी असली तरी पोरं बसवा. चाळीस दिसली तर सरकार मदत वाढवणार. दुसरा मास्तर, दुसरी खोली! न्हाईतर मदत दुसऱ्या गावाला."

"कधी रे?"

"आठ दय. सरकारी महिन्याची तारीख."

"दय तर संक्रांतीला येतो, आबा म्हनले!"

"आपला कार्तिक, सरकारचा दय... लई घोळ हाय, अक्का!" सिदूनं डोकं खाजवलं. मग तो किंचाळलाच, "अगं, मास्तरांनी फळ्यावर लिवलंय, सुट्टी एक दयपासून! आज आठवा दिवस!"

म्हणजे आजच!

आबा, म्हणजे त्यांचे वडील, गावचे पाटील अर्जुनराव, घाटनांदूरच्या बाजाराला गेलेले. मास्तर आपल्या गावी. सांगायचं कुणाला?

"पळ! कापूस वेचनारी पोरं आन!"

पोरं धापा टाकत शाळेत आली. मोजली तर सत्तावीस! सिदूचा चेहरा पडला.

"रडतोस कावून?" वत्सला म्हणाली. "पोरी हायत की!"

तिची हाक ऐकताच ओटीतला कापूस बांधावर ओतून बारा पोरी धावल्या. सगळ्यांत पुढं धाकटी बहीण छबू. तेरावी वत्सला.

तेवढ्यात टापा वाजल्या. तपासनीस साहेब दारात उभे! त्यांनी बोटानं मोजलं. चाळीस.

"या मुली रोज येतात?"

वत्सला पुढं झाली. हो म्हणावं? नाही म्हटलं तर मदत जाईल का?

"रोज न्हाई, साहेब. आज आल्यात."

साहेबांनी खिशातून कागद काढला. मग हसले. "बच्चे गिनायला सांगितलंय, बच्चेच गिनले!" त्यांनी कागदावर चाळीस लिहिलं.

आबा बाजारातून आले, तेव्हा साहेब घोड्यावर बसत होते. "पाटील, तुम्ही दय विसरलात, पोरांनी शाळा वाचवली!"

आबा ओशाळले. "शाब्बास रे पठ्ठ्यांनो! वत्सले, तूच खरी पाटील!"

पोरांनी एकच गिल्ला केला. छबूनं मात्र वत्सलाचा पदर ओढला.

"अक्का, आपल्याला मोजून आनलेला मास्तर आपल्याला शिकवील का गं?"