ओढ्यात सोडलेलं वासरू

लाइट गेली तशी पोरं ओट्यावर गवंडीकाकांना येऊन चिकटली. काका म्हणाले, "माझ्या साडूचं सांगतो. दूध घालतो तो. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा."

"सगळं तुमच्या साडूलाच कसं हो दिसतं?" थोरली पुतणी म्हणाली.

"गप ऐक, शहाणे."

साडूची वस्ती ओढ्याच्या वरच्या अंगाला, त्याच्या लेकीचं सासर खालच्या. गेल्या सप्टेंबरात त्याचं वासरू हगवण लागून मेलं. खड्डा कोण खणतंय, म्हणून त्यानं ते ओढ्यात ढकललं. वरच्या वस्तीची रीतच ती. मेलेल्या कोंबड्या, सडका कांदा, सगळं ओढ्यात. "जातंय वाहून, आपल्याला काय!" खाली लेक त्याच पाण्यावर नांदतेय, एवढंही बाबाच्या डोक्यात आलं नाही.

चौथ्या दिवशी, बारा तारखेला, गुरुवारी, लेकीचा फोन. तिला जुलाब लागलेले, अंगावरचं दूध आटलेलं. महिन्याची नात भुकेनं रडून निळी पडत होती. साडू किटलीभर दूध घेऊन निघाला. रात्रीचे पावणेदहा. चांदणं लख्ख.

ओढ्यावरच्या फरशीपुलावर घोटाभर पाणी. मध्यावर आला आणि वास आला.  त्यानं श्वास कोंडला. पुढं पाऊल टाकलं...

मोकळ्या हाताची बोटं कुणीतरी तोंडात घेतली.

वासराला बादलीतून प्यायला शिकवताना आपण बोटं चोखायला देतो ना, तसं. पण गार. हिरड्या लिबलिबीत. आत काहीतरी वळवळत होतं... त्यानं हात ओढला. बोटांना चिकटून कातड्याची साल निघून आली.

"शी! काका!"

किटली पाण्यात पडली. तो पळाला. मागं काही नव्हतं.

पुढं होते. ओल्या खुरांचे ठसे. लेकीच्या दारापर्यंत...

दाराला आतून कडी. लेकीनं उघडलं.

"बाबा, हळू. आत्ताच झोपली. आपोआप गप्प झाली बघा."

"कोण... कोण आलं होतं?"

"कोण येणार?"

साडू पाळण्यावर वाकला. पोर शांत झोपलेली. श्वास चालू. पण कपाळापासून मागं सगळं जावळ चाटून बसवलेलं. ओलं. चिकट. आणि तो वास...

काका पोरांकडं सरकले. 

"पोर आता चालते. धडधाकट आहे. दिवसातून दोनदा डोकं धुतात तिचं."

"मग... गेलं ना ते?"

"रात्री केस कोरडे करून झोपवतात. सकाळी उठते तेव्हा ओलेच असतात."