खुशाल खाली उतरेपर्यंत

पहिली भेट झाली ती भांडणातच, आणि तीही फोनवर!

धानोऱ्याच्या पुढे, जंगलात, कोसमटोला नावाचं गाव. तिथल्या एवढ्याशा पोस्टात गावातला एकुलता एक फोन. पोस्टमास्तर सोमाजींना ऐकू कमी यायचं, म्हणून फोन सांभाळायची त्यांची लेक पंचशीला. गावात वीज नुकतीच आलेली, आणि तिचा पाय काही घरात ठरत नव्हता. जरा वारा सुटला, की गेली लाइन! मग पंचशीलानं हँडल फिरवायचं आणि धानोऱ्याला विजेच्या ऑफिसात कळवायचं.

त्या दिवशी ती जाम वैतागली होती.

"तुमचा वायरमन झोपला काय जी? सकाळपासून लाइन नाई!"

"नाई जी, जागाच हाये," पलीकडचा आवाज म्हणाला. "तुमच्याशीच बोलून राह्यला ना!"

पंचशीलानं जीभ चावली. दुपारी दारात सायकल टेकवून एक उंच, सावळा पोरगा उभा. खांद्यावर दोराचं वेटोळं, ओठांत दाबलेलं हसू... तोच तो, नवा वायरमन खुशाल.

त्या उन्हाळ्यात तक्रारीचे फोन जरा लांबतच गेले.

"वारा कसा हाये तिकडं?" तो विचारायचा.

"बरा हाये."

"आन् तुम्ही?"

"मी काय वारा हाओ?"

"वाऱ्यानं नुसते खांब हलते. तुमच्यानं वायरमन हलते जी!"

ती "चल, काहीतरीच!" म्हणून फोन ठेवायची, आणि मग दिवसभर उगाचच गुणगुणायची. पण खरं काय ते बोलायचं म्हटलं, की दोघांची दातखीळ बसायची. त्याला वाटे, ती हसण्यावारी नेते. तिला वाटे, हा सगळ्यांशीच असा बोलत असेल. झालं!

वैशाखात गावातल्या भैयाजींच्या पोरीचं लग्न निघालं. मांडवात रंगीत बल्बांच्या माळा, भाड्यानं आणलेला लाउडस्पीकर, सगळा थाट. आणि नेमकं त्याच दिवशी, दुपार कलताना आभाळ काळंठिक्कर झालं. असा वारा सुटला की कौलं उडाली. टपोऱ्या गारा ताडताड पडल्या, बोडीच्या, म्हणजे गावच्या लहानशा तळ्याच्या, काठचं ऐनाचं जुनं झाड मुळासकट तारांवर कोसळलं. लाइन गेली. फोनची तार मात्र, कोण जाणे कशी, शाबूत राहिली.

पंचशीलानं कळवलं आणि खुशाल भिजत, सायकल ढकलत आला. आल्या आल्या त्यानं धानोऱ्याला फोन केला. "साहेब, लाइन बंदच ठेवा. खांबावर चढून राह्यलो." मग तिच्याकडे वळला. आज चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मी सोता येऊन सांगन. तोवर कोणी काही म्हणो, लाइन सोडा म्हणायचं नाई. मी वर असतांनी लाइन आली, तं माझा कोळसा होते."

"असं नका बोलू जी..." ती कशीबशी म्हणाली. तो गेला.

दिवेलागणीला भैयाजी चार माणसं घेऊन धावतच पोस्टात आले. "लाव फोन! बोडीजवळचं काम झालं. खुशाल खाली उतरला, मीनं सोता पाह्यलं!"

पंचशीलानं हँडल फिरवलं. साहेब फोनवर आले. पण 'लाइन सोडा' म्हणता म्हणता ती थांबली.

"तो कोठी हाये?" तिनं भैयाजींना विचारलं.

"येऊन राह्यला असन मागून."

"असन?" तिनं रिसीव्हर छातीशी धरला. "मंग येऊ द्या त्याले."

"अवो बाई, वरात शिवेवर आली! पाव्हणे अंधारात जेवतीन काय?"

"जेवू द्या."

"माझी इज्जत चालली ना!"

"त्याचा जीव जाईन!"

"तुझा काऊन एवढा जीव तुटते?" भैयाजी आता भडकलेच. "खुशाल तुझा लागते तरी कोण?"

"कोणी लागत नाई अजून!" पंचशीला ओरडली. "पण तो मेला, तं कधी लागनारच नाई!"

आपण काय बोलून बसलो हे तिला तेव्हा कळलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात सोमाजी म्हणाले, "काय म्हणते ही?" आणि एका भल्या माणसानं ते सगळं त्यांच्या कानात मोठ्यानं परत सांगितलं!

तोच दारातून आवाज आला. "झालं बापा एकदाचं!"

खुशाल. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. "बोडीपुढं नाल्याजवळही तार तुटली होती. आत्ता उतरलो तिथल्या खांबावरून."

भैयाजी मटकन खालीच बसले. पंचशीलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हा जिवंत होता, समोर उभा होता, आणि तिला दुसरं काही नको होतं.

काही न कळून खुशालनं तिच्या हातातला रिसीव्हर घेतला. "साहेब, काम झालं. सोडा लाइन."

"नाई सोडत!" साहेबांचा आवाज साऱ्या पोस्टाला ऐकू गेला. "ती पोट्टी तुझ्यासाठी गावाशी भांडली. तू मेला तं तिचा कधी लागनार नाई म्हणे! सारं आयकलं मी, फोन चालूच होता. पहिले तिले जवाब दे, मंग लाइन!"

"दे ना बाबा लवकर!" भैयाजी काकुळतीला आले. "वरात दारात आली!"

खुशालचे कान लालबुंद झाले. "मी तं पह्यल्या फोनपासूनच..." तो अडखळला. मग सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "पंचशीला... मी तुझा लागू काय? जलमभर?"

हे मात्र सोमाजींना बरोबर ऐकू आलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि लेकीकडे पाहून मान हलवली.

पंचशीलानं पदरानं डोळे पुसले. खुशालच्या हातून रिसीव्हर घेतला. तो निसटू नये म्हणून त्याचं बोटही तसंच धरून ठेवलं.

"साहेब," ती म्हणाली, "आता सोडा लाइन."