ठिबकच्या नळीच्या रिंगा

"किती एकर?" काउंटरमागच्या, कानावर पेन्सिल अडकवलेल्या तरुणानं मान वर न करताच विचारलं.

"एकर नाही हो... सातवीच्या मुली."

आता मात्र त्यानं मान वर केली. आणि मी, अख्खं मैदान एका शिट्टीत गप्प करणारी तृप्ती टीचर, छताला टांगलेल्या नळ्यांकडे बघायला लागले. ठिबक सिंचनाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला इतके हसरे डोळे हवेत कशाला!

"मला गॅदरिंगच्या जिमनॅस्टिक्ससाठी रिंगा करून हव्यात," मी नळ्यांनाच सांगितलं. "बाजारातल्या दोनदा पडल्या की तडकतात."

"म्हणजे द्राक्षाच्या बागेची नळी... नाचवणार?"

"नाचवणार नाही. उडवणार!"

"मग ही जाड घ्या, मॅडम. लय मजबूत हे. उन्हात वर्षानुवर्षं टिकती, तुमच्या पोरींच्या हातात गॅदरिंगपर्यंत टिकेलच."

त्याचं नाव ललित. दिंडोरीकडचा, घरची बाग. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यानं नळीची टोकं मऊ केली, ती जोडणारा जॉइनर दाबून बसवला, आणि काय सांगू... अशी गोल, देखणी रिंग तयार झाली की मी दुकानातच ती कमरेभोवती फिरवून पाहिली. तो बघतोय हे नंतर लक्षात आलं.

त्या रिंगांवर माझं सगळं अवलंबून होतं. आमच्या मुख्याध्यापिका मनीषा मॅडमनी बजावलं होतं, "गॅदरिंगला एखादं गाणं घ्या, स्टेप्स शिकवा आणि मोकळ्या व्हा. मुली स्वतः काय रचणार? नाही जमलं तर जानेवारीपासून हा जिमनॅस्टिक्सचा तास गणिताला." वर्गात मागच्या बाकावर लपणाऱ्या मुली ज्या एका तासाला पुढे येऊन उभ्या राहायच्या, तोच तास! मी हट्टालाच पेटले.

"रोज जे बघता ते रिंगेत आणा," मी मुलींना सांगितलं. कुणी गोदावरीच्या लाटा आणल्या, कुणी द्राक्षाची खुडणी, कुणी आईचं पोळी लाटणं. नियम माझा एकच होता: "रिंग सोडा, नजर सोडू नका. पकडणारीच्या डोळ्यांत बघूनच उडवायची."

रिंगा पोचवायला ललित शाळेच्या मैदानावर आला, तेव्हा त्यानं पहिली रिंग माझ्याकडे घरंगळत सोडली. मी बघत होते बास्केटबॉलच्या खांबाकडे. रिंग पडली, दोघंही उचलायला वाकलो आणि... टण्ण! कपाळावर कपाळ. सगळी सातवी फिदीफिदी हसली.

"लागलं?"

"नाही." चांगलंच लागलं होतं.

मग तो येतच राहिला. "जॉइनर सैल झाला असेल, म्हटलं बघून जावं." एकही जॉइनर सैल नसायचा.

"मुलींना सांगता डोळ्यांत बघा," एकदा तो हळूच म्हणाला, "आणि स्वतः माझ्याशी बोलताना त्या खांबाकडे बघता."

"खांब वाकलाय. लक्ष ठेवावं लागतं."

"अच्छा... नशीबवान आहे खांब."

गॅदरिंग जवळ आलं तशी वेदिका, माझी सगळ्यात आगाऊ विद्यार्थिनी, म्हणाली, "टीचर, शेवट आम्ही दाखवणार नाही. सरप्राइज!" मी नाही म्हणणारच होते. पण मुलींनीच रचायचं, हे मीच म्हटलं होतं ना?

त्या संध्याकाळी थंडी मी म्हणत होती. मनीषा मॅडम शाल पांघरून पुढच्या रांगेत, ललित मागे उभा, खिशात जॉइनर. गोदावरीच्या लाटा उसळल्या, खुडणी रंगली, रिंगा दिव्यांच्या झोतात उंच गेल्या आणि एकही पडली नाही! मी उड्या मारायचीच बाकी होते.

आणि मग शेवट आला. वेदिकानं कानावर पेन्सिल अडकवली, अगदी ललितसारखी. पल्लवीच्या गळ्यात शिट्टी... माझी शिट्टी! वेदिकानं रिंग घरंगळत सोडली, पल्लवी आपली आकाशाकडे बघतेय. रिंग पडली. दोघी वाकल्या. टण्ण! मांडव हसून हसून पडायचा बाकी होता. कपाळ चोळत दोघी उठल्या, एका रिंगेतून एकमेकींकडे बघत राहिल्या आणि बाकीच्यांनी रिंगा उंच धरून वर मांडव केला. द्राक्षाचा की लग्नाचा, ते त्यांनाच ठाऊक!

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढच्या रांगेतून मनीषा मॅडम माझ्याकडे वळल्या. "तास राहील, टीचर. हे मुलींनीच रचलंय, याबद्दल शंकाच नाही. तुम्ही तर मेलात तरी हे बसवलं नसतं."

मैदान रिकामं होताना ललित समोर येऊन उभा राहिला. हातात रिंग, कान लालबुंद.

"जॉइनर सैल झाला?" मी विचारलं.

"रिंगेचा नाही... माझाच." तो थोडा थांबला. "मुलींनी जो शेवट दाखवला, तो मला पसंत आहे. तुम्हाला?"

खांब तिथेच होता, त्याच्या मागे. मी खांबाकडे पाहिलं नाही.

"उडवा," मी म्हणाले.

त्यानं रिंग उडवली. मी ललितच्या डोळ्यांत बघत होते, तशीच ती झेलली.

"पसंत आहे," मी म्हणाले... आणि पडद्यामागून माझीच शिट्टी जोरात वाजली.