डावी बाजू कोणी चोळली

"ज्याच्यावर बेतलं त्याच्याच तोंडून ऐकलंय," जिन्याच्या पायरीवर टेकत काका म्हणाले. "थापा मारणारा माणूस नव्हता तो. मोबाईल खिशात घाला, मग सांगतो."

दोघं सख्खे भाऊ. गाड्यांना पॉलिश करायचं दुकान. थोरला सगळं हाताने करायचा. आधी क्लीनरने रंगावर बसलेली मळी काढायची, मग वॅक्स लावायचं, मग मऊ फडक्याने चोळत राहायचं. एका गाडीला अख्खा दिवस. धाकटा त्याच्याच हाताखाली शिकला. पुढे धाकट्याने पॉलिशचं मशीन आणलं. दीड तासात गाडी लखलखीत. गिऱ्हाईक मशीनकडे वळलं, आणि एक दिवस चार लोकांसमोर धाकटा बोलून गेला, "दादा, तू आता घरी बस. तुझ्यापायी रांग अडते."

थोरल्याने हातातलं फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. मग निघाला. पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. पाच वर्षांनी आजारी पडला, दोन महिने हॉस्पिटलात होता. धाकटा आज जातो, उद्या जातो करत राहिला. गेला तो थेट अंत्ययात्रेला.

महिन्याभराने वहिनींचा फोन आला. "भावजी, यांची गाडी विकली. उद्या सातला न्यायला येतील. पॉलिश करून द्या. तेवढं तरी करा."

तेवढं तरी. हे त्याला झोंबलं, पण "येतो" म्हणाला.

मंगळवार, अठरा तारीख. दुकान बंद करून रात्री साडेआठला तो पोचला. घराखालीच गॅरेज. आत काळी गाडी, महिनाभराची धूळ खात उभी. त्याने पाण्याने धुतली, पुसून कोरडी केली आणि उजव्या बाजूला मशीन लावलं.

मशीन बंद पडलं. बघतो तर भिंतीतला प्लग निघालेला. त्याने तो घट्ट बसवला. पुढच्या दारापर्यंत आला, पुन्हा बंद. पुन्हा प्लग. तिसऱ्यांदा वळून पाहिलं, तर एक्स्टेन्शनची वायर सुटून, नीट गुंडाळून, खिळ्याला टांगलेली.

गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं.

पळून जावं असं वाटलं. पण वर वहिनी जाग्या होत्या. त्यांना काय सांगणार? त्याने मशीन खाली ठेवलं आणि फडकं घेतलं. कितीतरी वर्षांनी हाताने चोळायला लागला.

सर्र... सर्र...

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं. आवाज दोन होते.

तो थांबला. दुसरा थांबला नाही. गाडीच्या पलीकडून येत होता. डावीकडून. संथ. एकसारखा.

त्याने वाकून पाहिलं नाही. धीरच झाला नाही.

"दादा..."

सर्र... सर्र...

"दादा, मी यायला हवं होतं."

आवाज थांबला.

...

मग पुन्हा सुरू झाला. त्याच लयीत. समोर कोणी बोललंच नाही, असा.

धाकटा खाली मान घालून चोळत राहिला. साडेअकराला उजवी बाजू झाली. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं. पलीकडे अजून चालूच होतं. त्याने शटर ओढलं, कुलूप घातलं, किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि घरी गेला. डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी पावणेसातला परत आला. वहिनींनी कुलूप काढलं, शटर वर केलं. डावी बाजू आरशासारखी. वहिनी तिथे उभ्या राहिल्या, बराच वेळ. पदराने डोळे पुसले. मग फिरून उजवीकडे आल्या.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "इकडे हातच लावला नाहीत?"

"साडेअकरापर्यंत इथेच चोळत..." म्हणत तो पुढे आला.

वहिनींनी दारावरून बोट फिरवलं. महिनाभराच्या धुळीत लांब, काळी रेघ उमटली.