जरा डावीकडं

प्रेमात पडायला माणसं बागेत जातात, सिनेमाला जातात. या दोघांना मिळाली कुंडलच्या डोंगराची धार, डिसेंबरची पहाट आणि दात वाजवणारी थंडी! अशा वेळी नुसत्या हौसेपायी डोंगर चढणारी माणसं मुळातच थोडी वेडी असणार, हे काय वेगळं सांगायला हवं?

स्वप्ना होवाळ कुपवाडच्या एका वर्कशॉपात सुट्या भागांची मापं तपासायची. पगारातून पैसे बाजूला टाकून तिनं जुना कॅमेरा घेतला होता. रविवारी उजाडायच्या आत स्कूटर काढून ती सांगलीबाहेर पडायची. त्या दिवशी तिनं ट्रायपॉड लावला. खाली उसाच्या फडांवर धुकं साचलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ मॅडम... तुमी माझ्या फ्रेममध्ये आलाय."

तिनं वळूनही पाहिलं नाही. "आणि तुमी माझ्या धुक्यात आलाय. मी आधी आलीय."

"धुकं काय तुमच्या नावावर हाय व्हय?"

"सातबारा दाखवू का?"

तो मोकळेपणानं हसला, तेव्हा कुठं तिनं मान वळवली. कानटोपी, लाल झालेलं नाक, वाफेनं भरलेला चष्मा... आणि त्यामागचे डोळे मात्र नको इतके मिश्कील!

"मी ऋषिराज. हितलाच, कुंडलचा. डोंगर आमचाच म्हणा की."

"मग राखण तरी करा. माकडं लय झालीत."

"आवं, मी एकटाच तर हाय हितं!"

"तेच म्हणते," ती म्हणाली, आणि मग दोघंही इतके हसले की सूर्य वर आला तरी फोटो कुणाचाच निघाला नाही.

त्यानंतरचे रविवार दोघांचे झाले. कधी कृष्णेचा काठ, कधी साताऱ्याकडचे घाट. बटण दाबायचा उजवा हात उघडा ठेवावा लागायचा आणि तिचा तो हात पार बधिर व्हायचा. एका पहाटे ऋषिराजनं तो हळूच धरला आणि आपल्या जर्किनच्या खिशात घातला.

"आता फोटो कसा काढू?"

"डाव्या हातानं शीक की."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर... हात हितंच राहू दे."

 तिनं हात काढला नाही. त्या एका खिशात तिला इतकं सुख मिळालं की घरी जाताना ती वाट चुकली.

पण तिला एक गोष्ट टोचत होती. ऋषिराजचं घर ऊसवाल्या मराठ्यांचं. चुलता फौजेत, भावकी मोठी. तिचं घर आजोबांपासून बौद्ध. होवाळ म्हटलं की गावात पुढचं कुणी काही विचारत नाही, नुसतं बोलणं आवरतं घेतात.

"घरी सांगितलंस माझं?" तिनं जानेवारीत विचारलं.

"सांगतो की. आधी उभी ऱ्हा बरं तिथं, धारेवर. मोकळा डोंगर किती उंच हाय ते कळत न्हाई. माणूस असलं की कळतं." तो कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाला, "जरा डावीकडं... आणखी जरा... बास!"

कोवळं ऊन आडवं आलं होतं. ती ओढणी सावरून पाठमोरी उभी राहिली. फोटो फारच सुरेख आला होता. तो म्हणाला, "कराडला आमच्या ग्रुपचं प्रदर्शन हाय. आई-आप्पा येणार हायत. ह्याच फोटोपुढं तुला उभी करतो आणि आईला सांगतो, ही ती. मग तर झालं?"

मग तर काय! स्वप्नानं नवा ड्रेस शिवून घेतला. वर्कशॉपातल्या मैत्रिणीला, प्रांजलला, सगळं सांगून टाकलं. आठवडाभर ती मनातल्या मनात त्याच्या आईशी बोलत होती.

कराडच्या हॉलमध्ये तो फोटो मधोमध लावला होता. दोन हात रुंद. डोंगर होता, धुकं होतं, वाळलेलं गवत होतं. धारेवर मात्र कुणीच नव्हतं! तिच्या जागी स्वच्छ आभाळ होतं. कॉम्प्युटरवर बसून त्यानं तिला पुसून काढलं होतं. पण घाई झाली असावी, कारण गवतावरची लांबलचक सावली तशीच राहून गेली होती.

फोटोसमोर त्याची आई उभी होती. मागं आप्पा आणि चार भाऊबंद. आईनं पदर सावरत विचारलं, "ऋष्या, ही सावली कशाची रं? बाईमाणसाची दिसतीया."

"झाडाची असंल."

"झाडाला कवापासनं ओढणी आली?"

भाऊबंद हसले. ऋषिराजनं वर पाहिलं, आणि त्याला समोर स्वप्ना दिसली.  ती पुढं झाली.

"काकू, ती सावली माझी हाय. मी स्वप्ना होवाळ."

आईनं ऋषिराजकडं पाहिलं. अजूनही वेळ गेलेली नव्हती. त्यानं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं.

"आई, ह्या... आमच्या ग्रुपातल्या," तो म्हणाला. "चेष्टा करत्यात."

"गोड हाय गं पोरगी," आई हसून म्हणाली. "चहा घेतलास का बाई?"

त्या मायेच्या शब्दानं तिला भडभडून आलं. नको म्हणून ती बाहेर पडली.

तो पार्किंगमध्ये धापा टाकत आला. "स्वप्ना, ऐक गं... भावकी होती सगळी. तुलाच तरास झाला असता. मूळ फोटो तसाच हाय, मोबाईलमध्ये. देवाशपथ, तो पुसला न्हाई."

"मग तो घेऊन आत जा. आई अजून तिथंच हाय."

"आत्ता?"

"आत्ता. मी थांबते हितं."

त्यानं खिशातनं मोबाईल काढला. हॉलच्या दाराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. दारात आप्पा येऊन उभे राहिले होते. त्यानं मोबाईल परत खिशात ठेवला.

"पुढच्या वर्षी सांगू..." तो पुटपुटला. "बहिणीचं लगीन तेवढं होऊ दे."

स्वप्नानं स्कूटरला किक मारली. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्या वेळी, तिथं, त्या भित्र्या माणसावर तिचं तेवढंच प्रेम होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. हेल्मेटची काच आतून ओली होऊन पुढचं काही दिसेना, तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली आणि पोटभर रडून घेतलं. मग काच पुसून ती सांगलीला निघाली.